सहा ओळींचा तक्ता, भिंगाची एकच चाल

दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘भिंगे व त्यांचे उपयोग’ नावाचा धडा आहे आणि त्या धड्यात सहा ओळींचा एक तक्ता आहे. बहिर्वक्र भिंगासमोर वस्तू कुठे ठेवली तर प्रतिमा कुठे मिळेल, केवढी मिळेल आणि उलट मिळेल की सुलट, एवढंच तो सांगतो. महाराष्ट्रातल्या शाळांत शिकलेल्या बहुतेकांनी तो घोकलेला असतो, पेपरात जसाच्या तसा उतरवलेला असतो आणि निकालानंतर ते तो विसरूनही गेलेले असतात. मार्कांपलीकडे त्यात काही असेल अशी शंकासुद्धा सहसा कुणाला येत नाही.

खरं म्हणजे एखाद्या कवितेचं करावं तसं या तक्त्याचं रसग्रहण करता येतं. वर्गात तो गझलेसारखा वाचला जातो. प्रत्येक ओळ हा सुटा शेर. आधीच्या ओळीशी तिचं देणंघेणं नाही, एखादी गाळली तरी बाकीच्यांचं काही बिघडत नाही. पण या ओळी सुट्या नाहीतच. वस्तू दुरून भिंगाकडे चालत येते आणि तिच्याबरोबर प्रतिमाही चालते, त्या एका प्रवासाची ही सलग हकिगत आहे. या प्रवासात प्रतिमा एकदाही मागे वळत नाही. पुस्तकात हे वाक्य कुठेच छापलेलं नाही, पण सगळा तक्ता त्याच्याच आधारावर उभा आहे.

वाचायला सोयीचं म्हणून १० सेंटिमीटर नाभीय अंतराचं एक भिंग घेऊ. वस्तू डावीकडे, भिंग मध्ये, पडदा उजवीकडे. वस्तू डावीकडून उजवीकडे, म्हणजे भिंगाच्या दिशेनं सरकत येणार आहे. भिंगापासून १० सेंटिमीटरवर दोन्ही बाजूंना एकेक नाभी आहे आणि २० सेंटिमीटरवर ती दुप्पट अंतराची खूण, जिला मुलं ‘टू एफ’ म्हणतात. या मोजक्या खुणांवर पुढचं सगळं घडतं.

पहिली ओळ: वस्तू अनंत अंतरावर, प्रतिमा नाभीवर, अतिशय लहान, बिंदुरूप. लहानपणी भिंगानं कागद जाळण्याचा उद्योग केलेल्या कुणालाही ही ओळ पटते. पण त्या जळत्या ठिपक्याकडे नीट पाहिलं तर तो बिंदू नसतो. आकाशात सूर्याची तबकडी साधारण अर्ध्या अंशाची दिसते, त्यामुळे १० सेंटिमीटरच्या भिंगानं पडणारा ठिपका ०.९ मिलीमीटरच्या आसपास व्यासाचा असतो. ती सूर्याची अख्खी, गोल, कडा असलेली प्रतिमा असते. खंडग्रास ग्रहणाच्या वेळी हाच ठिपका चंद्रकोरीसारखा होतो. आपण कागद जाळतो तो सूर्याच्या चित्रानं. (भिंगातून सूर्याकडे मात्र कधीही पाहायचं नाही. कागदाचं जे होतं तेच डोळ्याच्या पडद्याचं होतं.)

तेव्हा ‘बिंदुरूप’ हा शब्द ताऱ्याला शोभतो, सूर्याला नाही. दूरच्या वस्तूची प्रतिमा केवढी पडणार हे नाभीय अंतरावर ठरतं: नाभीय अंतर दहापट केलं की प्रतिमाही दहापट. अमेरिकेतल्या यर्क्स वेधशाळेत १८९७ साली बसवलेल्या दुर्बिणीचं मुख्य भिंग सुमारे एक मीटर व्यासाचं आहे आणि त्याचं नाभीय अंतर १९ मीटरहून अधिक आहे. तिच्या नाभीवर सूर्याची प्रतिमा सुमारे १८ सेंटिमीटरची पडते, म्हणजे जेवणाच्या ताटलीएवढी. तक्त्याची ओळ तीच, नियमही तोच. फक्त बिंदूची ताटली झाली.

दुसरी ओळ: वस्तू दुप्पट नाभीय अंतराच्या पलीकडे, प्रतिमा नाभी आणि दुप्पट अंतर यांच्या दरम्यान, लहान, वास्तव, उलट. वरवर पाहता ही सगळ्यांत नीरस ओळ. पण तिच्यात काय मावलंय ते पाहा. समोरची गच्ची, पलीकडचा डोंगर, त्यामागचे ढग, चंद्र, तारे, म्हणजे भिंगाच्या पुढ्यातले २० सेंटिमीटर सोडून उरलेलं सगळं विश्व या एका ओळीत आहे. आणि त्या सगळ्याच्या प्रतिमा भिंगामागे १० ते २० सेंटिमीटरच्या पट्ट्यात बसतात. अनंताला दहा सेंटिमीटरांत बसवणारी ही ओळ आहे.

बसवण्याची तऱ्हाही ऐकण्यासारखी आहे. वस्तू १०० सेंटिमीटरवर असताना प्रतिमा ११.१ सेंटिमीटरवर असते. वस्तू अर्धा मीटर पुढे येऊन ५० सेंटिमीटरवर आली की प्रतिमा १२.५ वर जाते. वस्तू पन्नास सेंटिमीटर चालली, प्रतिमा दीड सेंटिमीटरसुद्धा हलली नाही. कॅमेऱ्याचं सारं बस्तान या आळसावर बसलेलं आहे. मोबाइलच्या कॅमेऱ्यातलं भिंग ५ मिलीमीटर नाभीय अंतराचं आहे असं धरा. दूरच्या डोंगरावरून नजर काढून दहा सेंटिमीटरवरच्या जास्वंदीवर आणायची, तर त्या भिंगाला जेमतेम पाव मिलीमीटर सरकावं लागतं. एक मीटरवरच्या माणसासाठी तर मिलीमीटरचा चाळिसावा हिस्सा पुरतो. जुन्या बॉक्स कॅमेऱ्यांत भिंग सरकवायची सोयच नव्हती, तरी घरोघरचे फोटो बऱ्यापैकी स्पष्ट आले, ते याच ओळीच्या कृपेनं.

तिसरी ओळ मधोमध आहे आणि माझ्या मते तिच्यावर सगळ्यांत मोठा अन्याय झाला आहे. वस्तू बरोबर दुप्पट अंतरावर, प्रतिमाही पलीकडे बरोबर दुप्पट अंतरावर, आकार तेवढाच. मुलांना ती आवडते, कारण ती सोपी आहे आणि आकृती सुबक येते. तिचा खरा डौल मात्र आकाराच्या समानतेत नाही. वस्तूपासून तिच्या वास्तव प्रतिमेपर्यंतचं अंतर मोजत गेलात तर ते इथे सगळ्यांत कमी भरतं: नाभीय अंतराच्या चौपट, आपल्या भिंगाला ४० सेंटिमीटर. वस्तू पुढे सरकवा, अंतर वाढतं. मागे न्या, तरी वाढतं. वस्तू आणि पडदा यांच्यात ४० पेक्षा कमी जागा ठेवलीत तर भिंग कुठेही धरा, पडद्यावर स्पष्ट प्रतिमा येणार नाही. काचेवर कागद ठेवून मूळ मापाची प्रत काढणाऱ्या जुन्या झेरॉक्स मशीनमध्ये भिंग याच ओळीत बसवलेलं असे, कारण तिथे प्रतिमा मूळ कागदाएवढीच हवी असते.

इथे या रचनेची सममितीही उघड होते. समजा वस्तू आणि पडदा यांच्यात ४५ सेंटिमीटर जागा ठेवली. आता भिंग दोन ठिकाणी धरता येतं. वस्तूपासून ३० सेंटिमीटरवर धरलं की प्रतिमा निम्म्या आकाराची येते. १५ सेंटिमीटरवर धरलं की दुप्पट आकाराची. पहिल्या मांडणीत जी ३० आणि १५ ची जोडी होती तीच दुसऱ्या मांडणीत उलटून १५ आणि ३० झाली, आणि दोन विशालनांचा गुणाकार बरोबर १ भरला. प्रकाशाला ये-जा सारखीच, हे तत्त्व इथे हातात धरून पाहायला मिळतं. जर्मन खगोलशास्त्रज्ञ बेसेल यांच्या नावानं ओळखली जाणारी नाभीय अंतर मोजण्याची पद्धत याच दोन जागांच्या फरकावर आधारलेली आहे. भिंगाचं केंद्र नेमकं कुठे आहे, हे ठाऊक नसलं तरी तिच्यानं उत्तर निघतं.

म्हणून चौथी ओळ ही वेगळी ओळ नाहीच. ती उलटून वाचलेली दुसरी ओळ आहे. वस्तू नाभी आणि दुप्पट अंतर यांच्या दरम्यान, प्रतिमा दुप्पट अंतराच्या पलीकडे, मोठी, वास्तव, उलट. दुसऱ्या ओळीनं जग डबीत भरलं, चौथी ओळ डबीतलं जग भिंतीवर उघडते. दुसरीनं कॅमेरा दिला, चौथीनं प्रोजेक्टर. आपल्याकडे सिनेमा येण्याच्या आधीच ही ओळ लोकांसमोर आली होती. महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९० च्या दशकात ‘शांबरिक खरोलिका’ या नावानं दिव्याच्या उजेडात काचेवरची रंगीत चित्रं पडद्यावर मोठी करून दाखवण्याचे खेळ सुरू केले. २० सेंटिमीटर नाभीय अंतराच्या भिंगासमोर अशी काच २१ सेंटिमीटरवर ठेवली, तर प्रतिमा ४२० सेंटिमीटरवर, वीसपट मोठी पडते. चार बोटांएवढा राजा पडद्यावर पुरुषभर उंचीचा होतो. वस्तू एका सेंटिमीटरनं नाभीपलीकडे असणं, यावर हा सारा थाट उभा.

या ओळीतला ‘उलट’ हा शब्द परीक्षेत गुण देतो, पण प्रोजेक्टर चालवणाऱ्याला तो रोजचा हिशेब असतो. पडद्यावर राजा सरळ उभा दिसायचा, तर काच यंत्रात डोकं खाली करून सरकवावी लागते. १९१३ च्या मे महिन्यात गिरगावच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांनी पाहिला, तेव्हा पडद्यावर ताठ उभा असलेला हरिश्चंद्र यंत्राच्या खिडकीतून मात्र उलटाच जात होता. हाच उलटेपणा आपल्या डोळ्यांतही चालतो. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर जगाची प्रतिमा उलटी पडते, हे योहान्नेस केप्लर यांनी १६०४ साली निःशंकपणे मांडलं. त्याआधीच्या कित्येक विद्वानांना हा निष्कर्ष इतका अडचणीचा वाटत होता, की प्रतिमा कुठेतरी सरळ व्हावी म्हणून ते डोळ्यात आडवाटा शोधत. केप्लरनी किरण जिथे नेतात तिथे जायचं ठरवलं, आणि सरळ दिसण्याचा प्रश्न डोळ्याच्या पुढच्या टप्प्यावर सोपवला.

आता पाचवी ओळ. वस्तू नाभीवर, प्रतिमा अनंत अंतरावर. पुस्तकात तिच्यापुढे ‘खूपच मोठी, वास्तव व उलट’ असं छापलेलं असतं आणि मुलं निमूट लिहितात. पण पडदा घेऊन निघालात तर ही प्रतिमा कुठेही सापडणार नाही. भिंगातून निघालेले किरण समांतर जातात. ते कधी भेटत नाहीत. सहा ओळींतली ही एकच ओळ प्रतिमेच्या नसण्याबद्दल बोलते. कसबी रचनाकाराला मौन कुठे ठेवायचं ते कळतं, तसं हे मौन नेमक्या जागी आलं आहे.

आणि ते निरुपयोगी नाही. समांतर किरणांचा झोत हवा असेल तेव्हा दिवा नेमका इथेच ठेवतात. फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या कोर्दुआं दीपगृहात १८२३ साली ओगुस्तँ फ्रेनेल यांचं पायऱ्या-पायऱ्यांचं भिंग बसवलं गेलं. जाडजूड काचेऐवजी कडांचे गोल गोल तुकडे तेवढे ठेवून त्यांनी भिंगाचं वजन उतरवलं, आणि ज्योत नाभीवर आणली. प्रतिमा तयार होत नाही, म्हणूनच उजेड समुद्रावर मैलोगणती जातो.

या ओळीच्या उंबरठ्यावर आकडे कसे वागतात ते पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. वस्तू १२ सेंटिमीटरवर असताना प्रतिमा उजवीकडे ६० वर होती, पाचपट मोठी. वस्तू एकच सेंटिमीटर पुढे येऊन ११ वर आली की प्रतिमा ११० वर, दहापट मोठी. जी प्रतिमा दुसऱ्या ओळीत हलायलाही तयार नव्हती, ती आता वस्तूच्या एका पावलाला पन्नास पावलं टाकते आहे. वस्तू १० वर आली आणि प्रतिमा उजवीकडच्या अनंतात नाहीशी झाली. वस्तू ९ वर आली आणि प्रतिमा पुन्हा दिसू लागली: डावीकडे, ९० सेंटिमीटरवर, दहापट मोठी, पण आता सुलट आणि आभासी.

इथे सहावी ओळ सुरू होते. वस्तू नाभी आणि भिंग यांच्या दरम्यान, प्रतिमा वस्तूच्याच बाजूला. बहुतेकांना ती तक्त्यातला अपवाद वाटते. पाच ओळी ‘वास्तव, उलट’ आणि सहावी एकटीच ‘आभासी, सुलट’, म्हणून ती वेगळी पाठ केली जाते. आता वस्तू ९ वरून ५ वर आणा. प्रतिमा डावीकडच्या ९० वरून १० वर येते. म्हणजे कुठल्या दिशेनं सरकली? उजवीकडे. भिंगाच्या दिशेनं. वस्तू २ वर आणा, प्रतिमा अडीचवर येते. वस्तू भिंगाला टेकवा, प्रतिमाही भिंगाला टेकते आणि दोघी एकाच आकाराच्या होतात.

आता सगळा प्रवास एका दमात वाचा. वस्तू डावीकडच्या अनंतातून निघून उजवीकडे चालत भिंगापर्यंत आली. प्रतिमा उजवीकडच्या नाभीपासून निघाली, उजवीकडेच चालत अनंतात गेली, डावीकडच्या अनंतातून पुन्हा आत आली आणि उजवीकडेच चालत भिंगापाशी वस्तूला भेटली. सहाच्या सहा ओळींत प्रतिमेची दिशा एकच आहे. बदलला तो फक्त वेग. आणि वेगाचाही नियम साधा आहे: विशालन जितकं, त्याच्या वर्गाइतकी ती वस्तूपेक्षा वेगानं चालते. वस्तू एक मीटरवर असताना विशालन एक नवमांश, वेग एक एक्याऐंशांश. दुप्पट अंतराच्या खुणेवर विशालन एक, वेगही एक. तेवढ्या क्षणापुरत्या दोघी बरोबरीनं चालतात. १२ वर विशालन पाच, वेग पंचवीसपट. अनंतात वेगही अमर्याद. मग उतरणीला लागून भिंगापाशी पुन्हा एक. ज्या तिसऱ्या ओळीला आपण सोपी म्हणून सोडून दिलं, तिथे प्रतिमा रेंगाळणं सोडते आणि धावायला लागते.

या वर्गाच्या नियमाचा आणखी एक परिणाम होतो. प्रतिमा आडवी-उभी दुप्पट वाढते तेव्हा खोलीत चौपट वाढते. १५ सेंटिमीटरवर मातीची छोटी गणेशमूर्ती ठेवली, तर पलीकडे हवेत तयार होणाऱ्या प्रतिमेत मूर्ती दुप्पट उंच होईल, पण सोंड पुढच्या दिशेला साधारण चौपट ताणली जाईल. पडदा सपाट असल्यामुळे हा ताण आपल्या लक्षात येत नाही. जग न बिघडवता आहे तसं उतरवण्याची जागा भिंगाकडे एकच, पुन्हा ती तिसरी ओळ.

या एकसंधपणाचा उगम कुठे आहे, हे चष्म्याच्या दुकानातल्या हिशेबानं फार सोपं दिसतं. भिंगाची शक्ती डायॉप्टरमध्ये मोजतात: नाभीय अंतर मीटरमध्ये घ्यायचं आणि त्याचा व्यस्त काढायचा. आपल्या भिंगाची शक्ती १०. एखाद्या बिंदूतून निघालेले किरण भिंगापर्यंत पोचताना फाकत येतात. बिंदू जितका जवळ, तितके ते जास्त फाकलेले. तेही त्याच मापात मोजता येतं. अनंतावरून आलेले किरण शून्य फाकलेले. २० सेंटिमीटरवरून आलेले ५, दहावरून १०, पाचवरून २०. भिंग प्रत्येक वेळी एकच काम करतं: आपल्या दहातून आलेली फाकण वजा करतं. दहातून शून्य गेले, दहा उरले: किरण १० सेंटिमीटरवर मिटतात, पहिली ओळ. दहातून पाच गेले, पाच उरले: २० सेंटिमीटर, तिसरी ओळ. दहातून दहा गेले, शून्य: कुठेच मिटत नाहीत, पाचवी ओळ. दहातून वीस गेले, उणे दहा: भिंगानं जोर लावूनही किरण फाकतच राहिले आणि ते १० सेंटिमीटर मागून आल्यासारखे वाटतात, सहावी ओळ. सहा ओळी म्हणजे एकाच वजाबाकीची सहा उत्तरं. प्रतिमा अनंतात गडप झाली आणि पलीकडून परत आली असं आपल्याला वाटलं, तेव्हा हिशेबात अधिकचं शून्य होऊन उणं झालं, एवढंच घडलं होतं.

सूत्राच्या रूपात हीच गोष्ट प्रतिमेच्या अंतराचा व्यस्त, वस्तूच्या अंतराचा व्यस्त आणि नाभीय अंतराचा व्यस्त यांच्या संबंधानं लिहिली जाते. एडमंड हॅली, म्हणजे धूमकेतूचे हॅली, यांनी १६९३ साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात भिंगांच्या नाभी सरसकट शोधून काढणारी बीजगणिती रीत छापली. बीजगणितानं सगळ्या स्थिती एका समीकरणात कशा सामावतात, हेच त्यांना दाखवायचं होतं. तोपर्यंत भिंगाच्या प्रत्येक प्रकाराची स्वतंत्र भूमिती मांडण्याचा रिवाज होता. तीन शतकांनंतर आपण त्या एका समीकरणाचे पुन्हा सहा तुकडे करून मुलांपुढे ठेवतो, हा उलटा प्रवास म्हटला पाहिजे.

ओळी एकमेकींना जोडताही येतात, आणि तिथे ही रचना मोठी होते. पहिल्या ओळीनं दिलेली वास्तव प्रतिमा हीच सहाव्या ओळीची वस्तू केली की दुर्बीण होते. अशी दोन बहिर्वक्र भिंगांची दुर्बीण केप्लरनी १६११ साली सुचवली. चौथ्या ओळीची मोठी प्रतिमा सहाव्या ओळीत ठेवली की संयुक्त सूक्ष्मदर्शी होतो. आणि नुसत्या सहाव्या ओळीवर किती मजल मारता येते? जवाहिऱ्याच्या डोळ्याला लावलेली दहापटीची लूप म्हणजे अडीच सेंटिमीटर नाभीय अंतराचं भिंग. डेल्फ्टचे कापडव्यापारी आंतोनी फान लेव्हेनहुक यांच्या हातच्या, आज टिकून असलेल्या एका भिंगाचं वर्धन सुमारे २७० पट भरतं; त्यासाठी नाभीय अंतर जेमतेम एक मिलीमीटर असावं लागतं. मण्याएवढ्या एकेका काचेतून पाहत त्यांनी १६७० च्या दशकात सूक्ष्म जीवांची वर्णनं रॉयल सोसायटीला कळवली. जीवाणुशास्त्राची सुरुवात तक्त्याच्या शेवटच्या ओळीत बसून झाली आहे.

आपला डोळा मात्र हा तक्ता वेगळ्या अंगानं वाचतो. त्याच्यात पडदा जागचा हलत नाही, म्हणून प्रतिमेचं अंतर ठरलेलं. बदलते ती भिंगाची शक्ती. दूरचं पाहताना डोळ्याचं भिंग सैल असतं. २५ सेंटिमीटरवरचं पुस्तक वाचायचं तर त्याला ४ डायॉप्टर जास्तीची शक्ती लावावी लागते, कारण तेवढ्या अंतरावरून येणारे किरण ४ नं फाकलेले असतात. वयानुसार हे भिंग ताठर होत जातं. ज्याला कसंबसं अर्ध्या मीटरवरचंच स्पष्ट दिसतं त्याच्या डोळ्याकडे २ उरलेले असतात. राहिलेले २ चष्मा देतो. चाळिशीच्या चष्म्यावरचा ‘अधिक दोन’ हा नंबर म्हणजे चारातून दोन गेल्याची नोंद. आजोबा पेपर हात लांब करून वाचतात, तेव्हा तेही वजाबाकीच जुळवत असतात.

आता दोष. रसग्रहण म्हणून ते झाकायचं कारण नाही. पहिला दोष आकृत्यांचा. पुस्तकात दोन-तीन किरण काढतात, त्यामुळे तेवढेच किरण प्रतिमा घडवतात अशी समजूत होते. म्हणूनच ‘भिंगाचा वरचा अर्धा भाग काळ्या कागदानं झाकला तर काय होईल?’ या प्रश्नाला हुशार मुलंही ‘अर्धी प्रतिमा दिसेल’ असं उत्तर देतात. प्रतिमा पूर्णच दिसते, फक्त मंद होते. कारण वस्तूच्या प्रत्येक बिंदूतून निघालेला उजेड भिंगाच्या प्रत्येक भागातून जातो आणि अर्धं भिंगही अख्खं चित्र रेखू शकतं. दुसरा दोष सूत्राचा. ते पातळ भिंगाला आणि अक्षाजवळच्या किरणांना लागू पडतं. कडेनं येणारे किरण जरा अलीकडेच मिटतात, आणि निळा व तांबडा प्रकाश एकाच जागी मिटत नाही. म्हणून साध्या भिंगाच्या प्रतिमेला कडेनं रंगांची किनार येते. दोन प्रकारच्या काचा जोडून ही किनार घालवणाऱ्या भिंगाचं पेटंट लंडनच्या जॉन डॉलंड यांना १७५८ साली मिळालं. तिसरा दोष तक्त्याच्या मांडणीचा, आणि तोच मला सगळ्यांत जास्त खुपतो: ओळींच्या मधल्या आडव्या रेघा. त्या रेघांनी एका चालीच्या सहा खोल्या केल्या.

हे दोष धरूनही माझं मत स्पष्ट आहे. शालेय पुस्तकांत इतक्या कमी शब्दांत इतकं जग सामावणारी दुसरी जागा मला माहीत नाही. एका वजाबाकीत सूर्य, सिनेमा, दीपगृह, दुर्बीण आणि आजोबांचा चष्मा येतो, आणि तरी एकही शब्द वाढवावा लागत नाही, हे अव्वल रचनेचं लक्षण आहे.

शिक्षकांना एकच विनंती. हा तक्ता फळ्यावर उतरवून देण्याआधी खोलीत अंधार करा, एका टेबलावर मेणबत्ती, भिंग आणि पुठ्ठ्याचा पडदा मांडा, आणि एका मुलाला मेणबत्ती हळूहळू भिंगाकडे सरकवू द्या. दुसऱ्याला पडदा घेऊन प्रतिमेच्या मागे जाऊ द्या. आधी त्याला कंटाळा येईल, मग चालावं लागेल, मग धावावं लागेल आणि शेवटी तो भिंतीवर जाऊन अडकेल. मेणबत्ती दहा सेंटिमीटरच्या आत आली की पडदा खाली ठेवून त्याला भिंगातून पाहायला सांगा. त्यानंतर सहा ओळी मुलांनाच लिहू द्या. त्या चुकणार नाहीत.